चौथा माणूस

कुणाचीही नियत वाईट नसताना एखाद्यावर अन्याय होऊ शकतो का? हा प्रश्न जाडजूड ग्रंथांतूनच पडतो असे नाही. भुतांच्या एका विनोदी चित्रपटातूनही तो पडतो.

१९८४ साली 'घोस्टबस्टर्स' हा अमेरिकन चित्रपट आला. विद्यापीठातून हाकललेले तीन गोरे संशोधक न्यूयॉर्कमध्ये भुते पकडण्याचा धंदा थाटतात. धंदा वाढतो, माणसे अपुरी पडतात, तेव्हा चौथा येतो. विन्स्टन झेडमोर. तो काळा आहे. भुतांवर विश्वास आहे का, असे विचारल्यावर तो सांगतो की नियमित पगार मिळणार असेल तर म्हणाल ते मानीन. प्रेक्षक हसतात. त्या हसण्यात एक गोष्ट लपून जाते. तिघांना जिज्ञासेने तिथे आणले, याला पोटाने.

ही भूमिका करणारे अर्नी हडसन यांनी पुढे सांगितले की, आधीच्या पटकथेत विन्स्टन हवाई दलात नोकरी केलेला होता आणि सुरुवातीपासून कथेत होता. चित्रीकरण तोंडावर आले असताना हाती पडलेल्या नव्या पटकथेत मात्र त्याचे बरेचसे काम गेले होते. हडसन यांना चित्रपटाबद्दल प्रेम आहे, सहकाऱ्यांबद्दल कृतज्ञता आहे आणि मनात सलही आहे. या तिन्ही गोष्टी एका माणसात नांदू शकतात. कृतज्ञ माणसाने तक्रार करू नये, असे मात्र जग त्याला सुचवत राहते.

गंमत अशी की, ज्याला कमी जागा मिळाली त्याच्याच तोंडी चित्रपटातला सर्वांत गंभीर विचार आहे. रात्री गाडीतून जाताना तो सोबत्याला विचारतो, तुझा देवावर विश्वास आहे का? मग कयामतीचा विषय निघतो. आपल्याला एवढे काम मिळते आहे, ते मुडदे खरोखरच कबरीतून उठू लागले म्हणून तर नसेल? विद्वानांना भूत म्हणजे मोजण्याची वस्तू वाटते. त्याचा अर्थ काय, हे विचारतो तो पगारी माणूस.

कुणी म्हणेल, विनोदी चित्रपटात एवढा हिशेब कशाला? जागा दिली, हे काय थोडे झाले? पण चित्रात असणे आणि मोजले जाणे यांत अंतर आहे. २०१६ साली चार स्त्रियांना घेऊन हीच कथा नव्याने आली. तेव्हाही तिघी गोऱ्या स्त्रिया विज्ञान-तंत्रज्ञानातल्या आणि चौथी, काळी पॅटी, भुयारी रेल्वेतली कर्मचारी. बत्तीस वर्षांत स्त्रिया आल्या, उतरंड तीच राहिली. कुणी कट केला असेल असे मला वाटत नाही. सवय पुरेशी असते. कट करायला निदान जागे राहावे लागते, सवय झोपेतही चालते.

२०२१ च्या चित्रपटात विन्स्टन यशस्वी, श्रीमंत उद्योजक झालेला दिसतो. ही भरपाई मनापासूनची असेल. तरी साफ नियतीने करणाऱ्याचा गुन्हा हलका होतो, ज्याचा हक्क गेला त्याचे नुकसान हलके होत नाही. म्हणून कुणाला सामील करून घेताना केवळ आपली नियत तपासून भागत नाही. त्याला काय विचारण्याची, काय जाणण्याची मुभा आपण ठेवली आहे, हेही पाहावे लागते.