दोन मोर आणि एक हरिण



रोजच्या वागणुकीवर चार ओळी लिहाव्यात, दर पंधरवड्याला एक लेख विहाराच्या भिंतीवर लावावा, अशी इच्छा असणारे तरुण आपल्या वस्त्यांत आहेत. पण वही उघडताच त्यांच्या मनात शंका येते. मी भिक्खू नाही, पंडित नाही. माझ्याच घरात अजून सगळे सुरळीत नाही. मग दुसऱ्यांना नीती सांगण्याचा मला अधिकार काय?

ही शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिला नीट उत्तर दिले पाहिजे.

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला सांगितले की, धर्मात जे स्थान ईश्वराचे, ते धम्मात नीतीचे आहे. याचा अर्थ आपण पुरता ध्यानात घेतला आहे काय? पूर्वी घरात अडचण आली की भटजी सांगे, भगत सांगे, पोथी सांगे. १९५६ साली आपण ते सारे सोडले. आता मुलीच्या लग्नाला कर्ज काढावे की नाही, सुनेने नोकरी केली तर पगार कोणाच्या हातात असावा, शेजाऱ्याचे उसने पैसे बुडवून बुद्धजयंतीची वर्गणी देणाऱ्याला काय म्हणावे, हे कोण सांगणार? बुद्धवंदनेत याची तयार उत्तरे नाहीत. ती आपणच विचार करून काढायची आहेत, आणि विचार लिहिल्याशिवाय तो कच्चा की पक्का ते कळत नाही.

असे लिहिण्याचा एक फार जुना नमुना आपल्याच कोकणात सापडला आहे. वसईजवळचे सोपारा हे प्राचीन बंदर. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला तो १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी! योगायोगच तो, त्यात चमत्कार शोधू नये. पण त्या नवव्या लेखात काय आहे ते जरूर पाहावे.

त्यात युद्ध नाही, राज्यविस्तार नाही. आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक जे नाना विधी करतात त्यांबद्दल राजा लिहितो. या विधींचे फळ थोडे, असे तो म्हणतो. खरे मंगल कशात? दास आणि नोकर यांच्याशी नीट वागण्यात, वडीलधाऱ्यांच्या आदरात, प्राण्यांविषयी संयमात, श्रमण-ब्राह्मणांना दान देण्यात. विधी अजिबात करू नका, असे मात्र अशोक म्हणत नाही. आपण बावीस प्रतिज्ञा घेऊन त्याच्या पुढे गेलो आहोत. क्षुद्र विधींचा दोष तो विशेषकरून स्त्रियांवर ठेवतो, हेही मला एकतर्फी वाटते. त्या विधींची दक्षिणा कोणाच्या घरी जात होती, ते त्याने लिहिले नाही.

पण याच लेखात आपल्या तरुणाच्या शंकेचे उत्तर आहे. हे खरे मंगल कोणी सांगावे? बापाने सांगावे, मुलाने सांगावे, भावाने, धन्याने, मित्राने, शेजाऱ्याने सुद्धा सांगावे, असे तो लेख म्हणतो. त्या यादीत पुरोहिताचे नाव नाही. मुलाचे आहे. शेजाऱ्याचे आहे. आणि हे सारे लिहिले आहे ते संस्कृतात नव्हे, लोकांच्या बोलीत.

आता दुसरा प्रश्न, घर सुरळीत नसण्याचा. यासाठी अशोकाचा पहिला लेख पाहा. पूर्वी माझ्या मुदपाकखान्यात रोज लक्षावधी प्राणी मारले जात, आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरिण, आणि हरिणही रोज नाही. पुढे तेही मारले जाणार नाहीत, असा त्याचा आशय आहे. बंधूंनो, एवढ्या मोठ्या सम्राटाला 'मी हिंसा सोडली' असे कोरून घेता आले नसते काय? विचारणारा कोण होता? तरी त्याने उरलेला आकडा दगडावर कोरला. बावीसशे वर्षांहून अधिक काळ ते दोन मोर तेथे आहेत.

लिहिणाऱ्याने हे शिकावे. दारूवर लिहायचे तर 'दारू वाईट' एवढे लिहून भागत नाही. ते पिणाऱ्यालाही ठाऊक असते. पगाराच्या दिवशी किती पैसे घरी आले, गेल्या महिन्यात किती आले होते, हे लिहा. मुलांना मारू नये असे लिहायचे असेल तर या पंधरवड्यात किती वेळा हात उगारला ते आधी लिहा. सर्वांत अवघड विषय पोटजातीचा. आपण बौद्ध झालो, आणि सोयरीक जुळवताना अजून हळूच पोटजात विचारतो. या विषयावर भाषणे पुष्कळ होतात. आपल्या घरच्या शेवटच्या तीन लग्नांत काय विचारले गेले, ते कोणी लिहीत नाही.

मात्र आकडा आपल्या घरचा हवा. शेजारच्या घरचा लिहिला तर ती चुगली झाली. नाव गाळले तरी वस्तीत सर्वांना कळते कोणाविषयी आहे ते. तथागतांनी वाणीला तीन कसोट्या लावल्या: खरे आहे का, हिताचे आहे का, वेळ योग्य आहे का. शेजाऱ्याची गोष्ट पहिल्या कसोटीला उतरते, पुढच्या दोहोंना क्वचितच. राहुलाला त्यांनी आरशाचा दाखला देऊन सांगितले की, कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर तिच्याकडे पाहावे. खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेला उपदेश भिक्खूंनी आणि उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावा, असे अशोकाने बैराटच्या लेखात मुद्दाम नमूद केले आहे. लिहिणे हीही कृतीच आहे.

वाचणार कोण, याची चिंता करू नये. धौली आणि जौगडच्या लेखांत अशोकाने आज्ञा दिली आहे की, हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा, आणि प्रसंगी ऐकणारा एकटा असला तरी वाचावा. तुमचा तो एकटा श्रोता घरातच आहे. लेख भिंतीवर लावण्याआधी पौर्णिमेच्या संध्याकाळी आईला, आजीला, पत्नीला वाचून दाखवा. अक्षर न येणारी आजी मध्येच थांबवून 'हे आपल्या घरात कधी झालं रे?' असे विचारील. ते वाक्य तिच्यासमोरच खोडा, आणि मग कागद विहारात न्या.