सोडण्याचे बळ

'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' हे नाव काढताच वडीलधारी माणसे नाक मुरडतात. सामना पाहिला तर मलाही त्यांचे पटते. परंतु सामना वेगळा, तालीम वेगळी. तालमीत एक गडी दुसऱ्याचा हात कोपरात उलटा ताणतो. खालचा गडी दोनदा थोपटतो आणि वरचा तत्क्षणी पकड सोडतो. १८८२ साली टोकियोत कोदोकान स्थापणाऱ्या जिगोरो कानो यांच्या ज्युदोतही हीच खूण चालते. १९९३ साली डेन्व्हरला रॉइस ग्रेसीने आपल्याहून वजनदार तिघांना हरवले, ते तिघांनाही थोपटायला लावूनच.

मग बलवान कोण? मोडू शकणारा की मोडता येत असूनही सोडणारा? मला वाटते, सोडणारा. आणि वेळेवर 'हरलो' म्हणणाराही काही कमी नव्हे. मानापायी जो थोपटीत नाही त्याचा सांधा जातो. थोपटल्यावरही जो सोडीत नाही त्याच्याशी उद्या कोणी खेळत नाही. म्हणजे मारामारीची ही विद्यासुद्धा विश्वासावाचून शिकता येत नाही.

वाटणीवरून भावाभावांत जुंपते तेव्हा मात्र आधी कोणी थोपटीत नाही. आणि एकाने थोपटलेच, तर दुसरा पकड अधिकच आवळतो. ही तालीम आपल्याला कोण देणार?