मुखवट्याखालचा साधा चेहरा

१९७८ साली जॉन कार्पेंटर हा तिशीतला दिग्दर्शक कॅलिफोर्नियात 'हॅलोवीन' या भयपटाच्या तयारीला लागला, तेव्हा त्याच्या हाताशी तीन-सव्वातीन लाख डॉलर होते. हॉलिवुडच्या हिशेबात ही रक्कम किरकोळच. खुन्याच्या मुखवट्यासाठी खास कारागीर नेमणे परवडणारे नव्हते. कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेस हॉलिवुड बुलेव्हार्डवरच्या एका दुकानातून दोन तयार मुखवटे घेऊन आला. एक विदूषकाचा होता. दुसरा 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे अभिनेता विल्यम शॅटनरच्या चेहऱ्यावरून बनवलेला. त्याची किंमत दोन डॉलरही नव्हती. वॉलेसने त्याच्या भुवया आणि कल्ले काढून टाकले, डोळ्यांची भोके मोठी केली, केस विस्कटले आणि चेहऱ्यावर पांढरा रंग फवारला. विदूषकाचा मुखवटा घातलेला माणूस विचित्र दिसत होता. हा पांढरा मुखवटा घालून माणूस समोर आला, तेव्हा मात्र कोणता मुखवटा घ्यायचा यावर चर्चेची गरजच उरली नाही.

वॉलेसने त्या चेहऱ्यात नवे काहीच घातले नाही. होते तेवढे काढून घेतले. मायकेल मायर्स या खुन्याची सारी ताकद या वजाबाकीत आहे.

पडद्यावरचे जुने मुखवटे वेगळ्या कामाचे होते. १९२५ च्या 'द फँटम ऑफ द ऑपेरा' या मूकपटात नायिका मागून हळूच येते आणि ऑर्गन वाजवत बसलेल्या फँटमचा मुखवटा खेचते. लॉन चॅनीने स्वतःच्या हाताने रंगवलेला तो कवटीसारखा चेहरा पाहून प्रेक्षक हादरत. १९५३ च्या 'हाउस ऑफ वॅक्स'मध्येही मेणाचा चेहरा फुटतो आणि खालचा जळका चेहरा दिसतो. या परंपरेत मुखवटा हे एक कोडे असते आणि खालचा चेहरा हे त्याचे उत्तर. माणूस क्रूर का झाला, तर जगाने त्याच्या कुरूपतेला झिडकारले म्हणून. भय संपता संपता करुणेलाही थोडी जागा मिळते. 'फ्रायडे द थर्टीन्थ' मालिकेतला जेसनही याच घराण्यातला. १९८२ च्या तिसऱ्या भागात हॉकीच्या गोलरक्षकाचा मुखवटा त्याच्या तोंडावर आला आणि जगभर त्याची ओळख बनला, पण त्याखालचा चेहरा विद्रूपच ठेवलेला आहे.

'हॅलोवीन'मध्ये खुन्याचा मुखवटा दोनदा निघतो आणि दोन्ही वेळा हे जुने उत्तर मिळत नाही.

पहिला प्रसंग अगदी सुरुवातीचा, १९६३ सालच्या हॅलोवीनच्या रात्रीचा. कॅमेरा हॅडनफील्ड या काल्पनिक गावातल्या एका घराभोवती फिरतो, मागच्या दाराने आत शिरतो, स्वयंपाकघरातल्या खणातून सुरी उचलतो. (सुरी उचलणारा तो हात चित्रपटाची सहलेखिका आणि निर्माती डेब्रा हिलचा आहे.) मग कॅमेरा जिना चढतो, वाटेत विदूषकाचा मुखवटा उचलतो आणि लगेच पडदा काळा होऊन त्यात डोळ्यांची दोनच भोके उरतात. सलग वाटणाऱ्या या चित्रणात प्रेक्षक खुन्याला पाहत नसतो, तो खुन्याच्या मुखवट्याच्या आत असतो. एका तरुणीचा खून होतो, सुरी घेतलेली व्यक्ती बाहेर अंगणात येते, गाडीतून उतरलेला बाप पुढे होऊन मुखवटा काढतो. समोर सहा वर्षांचा एक गोरागोमटा मुलगा उभा असतो. मेलेली तरुणी त्याची बहीण.

दुसरा प्रसंग शेवटचा. जेमी ली कर्टिसने साकारलेली लॉरी झटापटीत मायकेलचा मुखवटा ओढून काढते. काही क्षण टोनी मोरन या नटाचा चेहरा दिसतो. डोळ्याला लॉरीनेच केलेली जखम सोडली, तर हा चारचौघांसारखा तरुण आहे. आणि तो करतो काय? लॉरीला सोडून आधी मुखवटा पुन्हा नीट चढवतो. बाकी जवळपास संपूर्ण चित्रपटभर या भूमिकेत निक कॅसल आहे आणि श्रेयनामावलीत त्याच्या नावासमोर 'द शेप', म्हणजे 'आकृती', एवढेच लिहिले आहे.

इथे भीतीची जागाच बदलते. खाली काहीतरी भयंकर दडले आहे, ही समजूत प्रेक्षकाला धीर देणारी असते, कारण भयंकर चेहऱ्याचा माणूस गर्दीत ओळखता येतो. सहा वर्षांच्या त्या मुलाला कोणी ओळखले असते?

कोऱ्या चेहऱ्यापुढे प्रेक्षक स्वस्थ बसत नाही, हे सिनेमाला फार आधीपासून ठाऊक आहे. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हने नट मोझूखिनचा तोच भावहीन चेहरा कधी सुपाच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडून दाखवला. लोकांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. भाव नटाच्या चेहऱ्यावर नव्हते, ते पाहणाऱ्याने आणले होते. मायकेलचा मुखवटा नेमके हेच करवून घेतो. स्वयंपाकघरात तो एका तरुणाला एका हाताने उचलून सुरीने भिंतीला खिळवतो. मग तिथेच उभा राहून मान एका बाजूला कलती करतो, सावकाश दुसऱ्या बाजूला कलती करतो. एवढेच. कुतूहल आहे का? समाधान आहे का? पडद्यावर कशाचाच पुरावा नाही, आणि म्हणूनच हे दृश्य रक्ताच्या थारोळ्यांपेक्षा जास्त काळ डोक्यात राहते. पुढे छायालेखक डीन कंडी अंधाऱ्या दारातल्या मुखवट्यावर प्रकाश इतका हळूहळू वाढवतो, की लॉरीच्या मागे तो आत्ता आला की आधीपासूनच उभा होता, हे सांगता येत नाही.

आल्फ्रेड हिचकॉकच्या १९६० च्या 'सायको'शी या चित्रपटाचे नाते उघड आहे. जेमी ली कर्टिस ही 'सायको'ची नायिका जॅनेट ली हिची मुलगी, आणि डॉनल्ड प्लेझन्सने केलेल्या डॉक्टर लूमिसचे नावही 'सायको'तूनच घेतलेले. पण 'सायको'च्या अखेरीस मनोविकारतज्ज्ञ येऊन खुन्याच्या मनाची सगळी उकल करतो. 'हॅलोवीन'मधला मनोविकारतज्ज्ञ लूमिस पंधरा वर्षे त्या मुलासोबत काढतो आणि उकल होणार नाही, हे सांगतो. कारण नाकारणारा हा डॉक्टर पांढऱ्या मुखवट्याइतकाच महत्त्वाचा आहे.

पुढच्या चित्रपटांना ही रिकामी जागा सहन झाली नाही. १९८१ च्या दुसऱ्या भागात लॉरी ही मायकेलची बहीण निघाली. १९९५ च्या सहाव्या भागात एका पंथाचा शाप आला. २००७ मध्ये रॉब झॉम्बीने गोष्ट नव्याने सांगताना त्याला शिवीगाळीचे, मोडके घर आणि दुःखी बालपण दिले. प्रत्येक खुलाशागणिक मायकेल आकळत गेला आणि तितकाच लहान होत गेला. २०१८ मध्ये डेव्हिड गॉर्डन ग्रीनने बहिणीचे नाते रद्द करून धागा थेट १९७८ शी जोडला. चाळीस वर्षांनी दिलेली ती कबुलीच होती.

तरीही पडद्यावर जे कलेचे बळ आहे, ते पडद्याबाहेर खोटे आणि घातक आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. मायकेल मनोरुग्णालयातून पळालेला रुग्ण आहे. कॉलेजात असताना केंटकीतल्या एका मनोरुग्णालयाला भेट दिली, तिथे एका मुलाची नजर पाहिली आणि ती विसरता आली नाही, असे कार्पेंटरने सांगितले आहे. एका आजारी मुलाची ती नजर चित्रपटात निखळ दुष्टपणा होऊन बसली. ज्याच्यावर उपचार करायचे, त्यालाच डॉक्टर सैतान ठरवतो आणि प्रेक्षक त्याला मान डोलावतो. प्रत्यक्षात गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसांनी हिंसा करण्यापेक्षा ती हिंसेला बळी पडण्याची शक्यता जास्त असते. मुखवट्याला कारण नसले तरी चालते. आजारी माणसाला मात्र कारण असते, इतिहास असतो, औषध असते आणि वाट पाहणारे घर असते.

पळालेल्या मनोरुग्णाशिवाय हा प्रकार उभा राहत नाही, असेही नाही. १९९६ च्या 'स्क्रीम'मध्ये वेस क्रेव्हनने बाजारात मिळणारा, किंचाळत्या भुताचा मुखवटा वापरला. तो कोणालाही विकत घेता येतो, कोणालाही घालता येतो. शेवटी त्याखालून दोघे निघतात, नायिकेच्या रोजच्या टोळक्यातले. त्यांतल्या एकाचे आडनाव लूमिस. कोणी रुग्णालयातून पळालेले नाही, कोणाच्या कपाळावर आजाराचा शिक्का नाही, आणि तरी जगभरात या चित्रपटाने सतरा कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. पुढचा मुखवटाधारी खुनी लिहिणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे आणि त्याला मनोरुग्णालयाचा पत्ता देणे आता बंद करावे.