ज्याचे देणे त्याला

‘गिव्ह द डेव्हिल हिज ड्यू’, अर्थात सैतानाचेही जे देणे असेल ते चुकते करावे, ही इंग्रजी म्हण शेक्सपिअरने ‘चौथा हेन्री’ या नाटकात राजपुत्राच्या तोंडी घातली, तेव्हाही ती जुनीच होती. नावडत्या माणसाची नाइलाजाने स्तुती करावी लागली म्हणजे आपण तिचा आधार घेतो. परंतु तिचे मर्म ‘देणे’ या शब्दात आहे. दान हे दात्याच्या मर्जीने आणि याचकाची पात्रता पाहून दिले जाते. देणे मात्र खतावणीत नोंदलेले असते, आणि सावकार कितीही दुष्ट असला तरी बाकी फिटेपर्यंत ऋणको मोकळा होत नाही.

हा विचार आपल्यालाही परका नाही. ज्या असुराला वामनाने पाताळात घातले, त्याच बळीचे राज्य यावे असे आमच्या घरच्या बायका दिवाळीच्या प्रतिपदेस ओवाळताना म्हणतात. पराभूताचे औदार्य विजेत्याच्या कथेत बुडू द्यायचे नाही, हा लोकांनी परस्पर केलेला फैसलाच होय.

भीमाकाठच्या वढू बुद्रुकास संभाजी महाराजांच्या समाधीपुढे उभे राहिले असता हे सूत्र कसोटीस लागते. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाच्या हुकुमाने ज्यांचा वध झाला, त्या राजाची प्रतिमा मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीने पुढे दीर्घकाळ उग्र व व्यसनाधीन अशी रंगविली. वा. सी. बेंद्रे यांनी दप्तरांची शहानिशा करून १९६० साली चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे प्रतिवादीची कैफियत रुजू झाली.

येथेच थांबावे असा मोह होतो, कारण आपल्या आवडत्या पुरुषाचे देणे फेडण्यात कष्ट नसतात. पण बखरकाराच्या देण्याचे काय? त्याचे पूर्वज बाळाजी आवजी यांना १६८१ साली याच राजाच्या आज्ञेने देहान्त शासन झाले होते. या जखमेमुळे बखरीतील मजकूर खरा ठरत नाही हे निश्चित. परंतु मजकूर खोटा ठरला म्हणून जखमही खोटी होत नाही. तिसरे देणे याहून कठीण आहे: मोगलांचा इतिहासकार खाफीखान याने शिवाजी महाराजांविषयी अपशब्दच वापरले, तरी मशीद, कुराण आणि स्त्रिया यांना उपद्रव देऊ नये अशी त्यांची सैन्याला सक्त ताकीद होती, ही हकीकतही त्यानेच लिहून ठेवली. त्याने हात आखडता घेतला असता तर त्याला जाब विचारणारे कोण होते?

न्यायबुद्धी म्हणजे क्षमा नव्हे आणि विस्मरणही नव्हे. बाळाजी आवजींचे पुत्र खंडो बल्लाळ पित्याचा वध विसरले असतील असे मानण्याचे कारण नाही. तरीही त्यांनी त्याच गादीची सेवा केली आणि संकटकाळी राजाराम महाराजांबरोबर जिंजीपर्यंतचा प्रवास केला. इंग्रजी म्हण त्यांच्या कानी कधी पडली नसेल. पण पित्याचे दुःख पित्याच्या खात्यावर आणि राज्याचे देणे राज्याच्या खात्यावर, या दोन रकमांची त्यांनी कधी गल्लत होऊ दिली नाही.