‘नापास’ येतो, मग ‘अनहॅपी’ का नाही?

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातल्या शाळांत ‘नापास’ आणि ‘गैरहजर’ हे दोन शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. भाताची कापणी उरकली की कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर कामाला जातात आणि हजेरीपटावर गैरहजेरी वाढत जाते. या शब्दांची घडण पाहावी. ‘ना’ फारसी, ‘पास’ इंग्रजी. ‘गैर’ आणि ‘हजर’ दोन्ही अरबी. मराठीने ते आपलेसे केले आणि घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारं मूलही ते बिनचूक वापरतं. शब्दाआधी काही जोडलं की अर्थ फिरतो, हे त्याला उपसर्ग हा शब्द ऐकण्याआधीच उमगलेलं असतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी अजून ‘हॅपी’, ‘अनहॅपी’, ‘हॅपीनेस’ यांची स्पेलिंगं तीन वेगळे शब्द असल्यासारखी घोकून घेतली जातात. मला हा मुलांवर सरळसरळ अन्याय वाटतो. ‘अनहॅपी’तला ‘अन’ आणि आपल्या ‘अनादर’मधला ‘अन्’ मुळात एकच आहेत, हे त्यांना कुणी सांगतच नाही.

नाशिकहून पेठमार्गे गुजरातकडे जाणारे ट्रक सावळघाटातून जातात तेव्हा त्यांच्या अंगावर ‘ट्रान्सपोर्ट’ लिहिलेलं असतं. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणं, दोन्ही लॅटिन. हा ‘पोर्ट’ एकदा ओळखीचा झाला की इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, पोर्टर, पोर्टेबल उलगडत जातात. मराठीत हेच काम ‘वह्’ धातू करतो: वाहन, वाहक, प्रवाह, निर्वाह. इंग्रजीतला ‘व्हेइकल’ही लॅटिनमार्गे याच ‘वह्’च्या कुळातला. धातू आणि प्रत्यय सुटे करून शब्द पाहण्याची ही रीत पाणिनीची. १८१६ साली जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रान्झ बोप यांनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मॅनिक क्रियापदं शेजारी ठेवून त्यांचं नातं दाखवलं, त्यालाही संस्कृत व्याकरणाचाच आधार होता.

फोड दरवेळी जुळत नाही, हेही खरं. ‘अंडरस्टँड’ तोडलं तर ‘खाली’ आणि ‘उभं राहणं’ एवढंच हाती लागतं. असे शब्द जसेच्या तसे लक्षात ठेवावेत. ‘इनव्हॅल्युएबल’पाशीही मूल अडेल. ‘इन’ नकार दाखवतो, मग अर्थ ‘फार मोलाचा’ कसा? तिथे शिक्षकांनी फळ्यावर ‘अमूल्य’ लिहावं आणि मुलांनाच त्याची फोड करायला सांगावी.