गोड आठवणींची साक्ष

जन्मभर राबलेला कामगार म्हातारपणी कारखान्याविषयी जिव्हाळ्याने बोलतो, तेव्हा मालक भला असलाच पाहिजे, असे अनुमान काढणारे लोक आम्हांस वारंवार भेटतात. हे अनुमान आम्हांस मान्य नाही.

इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे १८८८ साली आल्फ्रेड हर्बर्ट यांनी काढलेला कारखाना घ्या. यंत्रे घडविणारी यंत्रे करण्याच्या धंद्यात तो एके काळी जगात अग्रगण्य होता. १९७५ साली सरकारने हात दिला, तरी १९८० साली तो बुडालाच. अशा ठिकाणच्या जुन्या कारागिराला आठवते काय? लेथचा पाया सपाट करणे. कसोटीच्या पाट्याला निळा रंग लावून तो त्यावर घासावयाचा, रंग लागलेले उंचवटे हातांनी खरवडावयाचे, पुन्हा घासावयाचे; ठिपके सर्वत्र सारखे उमटेपर्यंत हाच क्रम. जागा व हत्यार मालकाचे, हे कबूल. परंतु त्या सपाटीचा आनंद, शेजाऱ्याची थट्टा, उस्तादाची क्वचित मिळणारी शाबासकी, ही सर्व कामगारांची आपली कमाई होय. (पगाराच्या आठवणीत कोणी रमत नाही.)

तथापि ‘बिचारा भुलला’ म्हणून त्याची कीव करणारे पंडितही आम्हांस तितकेच उथळ वाटतात. यंत्रांच्या आवाजाने कान गेले, हे त्यालाही ठाऊक असते. विचारल्यास तो तेही सांगतो.

हर्बर्टांच्या देणगीतून झालेले कलादालन १९६० साली त्यांच्या नावाने उघडले. यंत्रांवरही नाव त्यांचेच असे. खरवडून ती सपाटी आणणाऱ्याचे नव्हे.