वाकवलेले दोन खिळे

धुळ्याच्या घराच्या माळ्यावरून आप्पांचा बॅगाटेलचा बोर्ड जळगावला आणला. घासकागद मारला, व्हार्निश लावलं, गंजलेली स्प्रिंग बदलली. एकवीरा देवीच्या यात्रेत आजोबा, म्हणजे आप्पा, हा बोर्ड मांडायचे. रुपयाला पाच छर्रे, हजारच्या घरात पडला की मोठं बक्षीस.

पण हजारात पडेचना. शंभर वेळा उडवला (मोजलं, सवय आहे): शून्य. मग मोबाईलचा टॉर्च धरला. त्या घराच्या तोंडाशी दोन खिळे आत वाकवलेले. छर्रा आठ मिलिमीटरचा, फट सातची. खिळ्यांवर पक्कडीचे दात उमटलेले. आमच्या धंद्यात याला बग नाही, फीचर म्हणतात.

1871 साली माँटेग्यू रेडग्रेव्हने बॅगाटेलला स्प्रिंगचा दट्ट्या लावून पेटंट घेतलं. पिनबॉल त्यातूनच आला. आपला 1887 चा जुगार कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला हात लावत नाही. सातच्या फटीत मात्र ना कौशल्य, ना नशीब.

बाबांच्या डिप्लोमाची फी याच बोर्डावर निघाली. म्हणजे ती फट माझ्या डिग्रीपर्यंत येते.

दुरुस्ती म्हणजे वस्तू पूर्वीसारखी करणं. पण कधीसारखी? खिळे सरळ केले तर खेळ खरा होईल आणि पुरावा जाईल. नाही केले, तर रविवारी येणाऱ्या भाचीला मीच फसवेन.

आजीला फोन केला. बराच वेळ गप्प होती. "पोरं रडायची रे. मग हे एक छर्रा फुकट द्यायचे."

तोही त्याच फटीकडे जायचा.

सरळ करायचं ठरवलं. आधी फोटो काढला. पक्कडीचे दात त्यात नीट दिसत नाहीत. पुन्हा काढतो.